झरा, झिरा की उमाळा?

शंका : अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सांता फे नदीच्या पात्रातच ‘डेव्हिल्स इअर’, म्हणजे ‘सैतानाचा कान’, या नावाचे विवर आहे आणि त्यातून चुनखडीच्या थरांतले गोडे पाणी जोराने वर येते. भाषांतरात मी त्याला ‘नदीपात्रातील झरा’ म्हटले. पण वाचताना डोळ्यांसमोर कपारीतून गळणारी बारीक धारच येते. याहून नेमका शब्द आहे काय?

उत्तर : ‘झरा’ चूक नाही. विहीर खणताना लागलेले पाणी करंगळीएवढे असले तरी त्याला आपण झराच म्हणतो, आणि अडचण नेमकी तीच आहे. कारण अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ ऑस्कर माइन्झर यांनी १९२७ मध्ये पाण्याच्या प्रमाणावरून केलेल्या झऱ्यांच्या वर्गवारीत पहिल्या श्रेणीच्या झऱ्याने सेकंदाला सुमारे २,८०० लिटरहून अधिक पाणी द्यावे लागते. ‘झिरा’ तर मुळीच चालणार नाही. उन्हाळ्यात नदी आटल्यावर वाळू उकरून जो खड्डा करतात, ज्यातले पहिले गढूळ पाणी उपसून टाकावे लागते आणि मग निवळलेले वाटीवाटीने हंड्यात भरता येते, तो झिरा. त्यात पाणी झिरपते, उसळत नाही.

माझ्या मते येथे ‘उमाळा’ लिहावा. हा शब्द आपण आता माया आणि दुःख यांच्यासाठीच राखून ठेवला आहे, पण आत दाटलेले एकदम वर येणे हा त्याचा गाभा आहे, आणि तो पाण्याला अधिकच शोभतो. सांता फेचे पाणी दलदलीतल्या पाल्यापाचोळ्याच्या अर्काने कोऱ्या चहासारखे तपकिरी झालेले असते; विवराच्या तोंडाशी त्यात तळातून नितळ, निळसर पाणी घुसते आणि दोन पाण्यांमधली कड डोळ्यांना दिसते. ‘झरा’ या शब्दात ही उसळी नाही.

पुरवणी : ‘उमाळा’ मान्य, ‘उगम’ मात्र कटाक्षाने टाळावा. हीच सांता फे ओलेनो उद्यानात जमिनीखाली गडप होते आणि सुमारे पाच किलोमीटरांवर पुन्हा वर येते. तेथे येणारे पाणी मुख्यतः नदीचेच असल्याने त्या जागेला उगमही म्हणता येत नाही आणि उमाळाही. ‘नदी पुन्हा वर येते’ असे सरळ लिहावे. (अरबीत ‘ऐन’ म्हणजे डोळा आणि झराही, फ्लोरिडात कान निघाला, एवढाच फरक.) ‘डेव्हिल्स इअर’साठी पहिल्या उल्लेखात ‘नदीपात्रातील गोड्या पाण्याचा उमाळा’ असे पूर्ण लिहिले, तर पुढे नुसता ‘उमाळा’ पुरेल.