विम्याचा क्लेम नाकारला, तर केस नेमकी कुठे टाकलीत? अनुभव सांगा

बाबांचा मेडिक्लेम नाकारलाय, म्हणे बीपी आधीपासून होतं ते लपवलं. आम्ही साताऱ्याचे, ऑपरेशन पुण्यात, पॉलिसी ऑनलाइन घेतलेली, आणि कंपनी बसलीय परराज्यात. वर पॉलिसीत बारीक अक्षरात, वाद झाला तर तिकडच्याच कोर्टात यायचं. कुणी लढलंय का असं? सविस्तर लिहा प्लीज.

वऱ्हाडी ठेचा: साताऱ्यातच टाका, जिल्हा ग्राहक आयोगात. नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते. माझी अकोल्यात चालली. कंपनीच्या वकिलाचा जबाब उघडला तर पहिलाच परिच्छेद 'या आयोगास अधिकारक्षेत्र नाही', क्लेमबद्दल अक्षर नाही! ती बारीक अक्षरातली अट आमच्या आयोगाने मानली नाही, पण तेवढ्यावरच तारखांवर तारखा गेल्या.

भिवंडीवाली: जुन्या कायद्यात हाल होते हो. मामांचं गोडाऊन भिवंडीत जळलं, वकील मुंबईचा म्हणून त्याने केस मुंबईत टाकली, कंपनीची शाखा आहेच की तिथे. कंपनीने सुप्रीम कोर्टाचा 2009 चा सोनिक सर्जिकलचा निकाल काढला. त्यातही गोडाऊनच जळालेलं, अंबाल्याला, आणि तक्रार चंदीगडला. नुसती शाखा असून भागत नाही, वादाचं कारण जिथे घडलं तिथली शाखा पाहिजे. झालं, फाइल परत.

एसटीची खिडकी: क्लेम मोठा आहे म्हणून राज्य आयोगात जावं लागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आता क्लेम नाही, भरलेला हप्ता बघतात, 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोगच. आणि 5 लाखांपर्यंत फी पण नाही.

निवांत काकू: आधी विमा लोकपाल बघा ना! वकील नको, फी नको, 50 लाखांपर्यंत भरपाई देऊ शकतात, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक, आपल्यावर नाही. फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबायचं, आणि नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. आयोगात केस टाकलेली असेल तर मात्र लोकपाल घेत नाहीत. आमचे पैसे असेच सुटले.

रंकाळा: गाडीच्या अपघाताचं वेगळं बरं का. भावोजींचा अपघात हुबळीजवळ, पण ताईने दावा कोल्हापूरच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात लावला, राहत्या ठिकाणी लावता येतो.

धागाकर्ती: काकू, मग लोकपालच आधी. आणि आयोगात जायची वेळ आलीच तर पत्त्याचा पुरावा काय लावायचा? लाइटबिल अजून आजोबांच्या नावावर आहे.

वऱ्हाडी ठेचा: बाबांचं आधार लावा, सोबत रेशनकार्ड.