प्रोग्रॅमिंगवाल्या पोरांना जागा देत राहू का?

अभ्यासिकावाली:
सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला माझी छोटी अभ्यासिका आहे. रविवारी दुपारी ती रिकामी असते, म्हणून प्रोग्रॅमिंगची हौस असलेल्या पोरापोरींना बसायला देते. कुणी डिप्लोमाचं, कुणी बारावीचं, एक जण चादरीच्या कारखान्यात कामाला. फी नाही, सर्टिफिकेट नाही, एकमेकांचं बघून शिकतात. बहुतेकांच्या आया विड्या वळतात, वडील मागावर. या घरांतल्या पोरांना हे फुकटात मिळतंय, याचं मला फार मोल वाटतं.

पण उन्हाळ्यात एक प्रकार घडला. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, काही दिवसांआड पाळी. ग्रुपनं गल्लीवार पाण्याची वेळ सांगणारं इंटरनेटवरचं पान बनवलं. वळलेल्या विड्या द्यायला विडी कंपनीच्या ब्रँचला कधी जायचं, हेसुद्धा बायका त्यावर बघून ठरवू लागल्या. मग पान सांभाळणारा मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि पान जुनीच वेळ दाखवत राहिलं. समोरच्या काकू विड्यांचे कट्टे घेऊन गेल्या, परत आल्या तर पाणी येऊन गेलेलं. घरात पिण्यापुरतं एक कळशी. त्या तडक माझ्या दारात. आता गल्लीत दोन तट पडलेत. अशा हौशी ग्रुपनं वस्तीचं भलं होतं का नुकसान?

हडपसरचा_सोलापूरकर:
ताई, जागा बंद करू नका. लिनस टोरवाल्ड्सनं 1991 साली लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीची पहिली माहिती दिली, तेव्हा आपला नुसता छंद आहे असंच कळवलं होतं. आज प्रत्येक अँड्रॉइड फोन त्यावर चालतो. पण 2014 मध्ये सापडलेली हार्टब्लीड नावाची सुरक्षेतली चूकही आठवा. ती ओपनएसएसएल या खुल्या कोडमध्ये होती. त्यावर जगातल्या कितीतरी वेबसाइटींची सुरक्षा उभी होती आणि ते सांभाळायला माणसं मोजकीच. चूक दोन वर्षं तशीच राहिली. लोक विसंबायला लागले की हौस संपते, जबाबदारी सुरू होते. तुमच्या ग्रुपला हे कुणी सांगितलंच नसणार. पासवर्ड किमान दोघांकडे हवा, आणि जाणाऱ्यानं आधी दुसऱ्याला तयार करायचं.

जॅकार्डवाला:
मी कारखान्याच्या बाजूनं बोलतो. आमच्याकडे नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावर अजून भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं चालतात. भोक असलं की हूक वर जातो, उभा धागा उचलला जातो. नसलं की खालीच. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत तोच डाग. अशाच एका ग्रुपमधल्या पोरानं ग्राफ कागदावरचं डिझाइन तपासणारा प्रोग्रॅम लिहिला. कार्डांना भोकं पाडणाऱ्या पंचिंगवाल्या मास्तरांजवळ बसून, विचारून विचारून. मास्तर आधी बोलत नव्हते, आता स्वतःच त्याला बोलावून घेतात.

पण त्याच पोरानं नमुना म्हणून आमचं बाजारात न आलेलं डिझाइन कोडसोबत इंटरनेटवर टाकलं. सगळं खुलं असावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. फोन केल्यावर लगेच काढलं, पण तोवर कुणी उतरवून घेतलं असेल तर? डिझाइनवर आमची रोजीरोटी आहे. कोड खुशाल वाटा, दुसऱ्याचा माल विचारूनच.

दोन_मुलींची_आई:
कीबोर्ड कोणाच्या हातात असतो ते बघा. माझी मोठी अशाच एका ग्रुपला जायची, तिथं पोरं लिहिणार आणि मुली मागं उभ्या राहून बघणार. चार रविवारांत सोडलं तिनं.

अभ्यासिकावाली:
सगळ्यांचे आभार. जागा देणार, पण पोरांना समोर बसवून बोलले. पानावर वर मोठ्या अक्षरात 'ही माहिती अमुक तारखेची' असं येणार. दोन दिवस कुणी भरलं नाही, तर वेळ दिसणारच नाही, नुसतं 'माहिती नाही' येईल. दोघीजणी पान सांभाळायला तयार झाल्यात. काकूंकडेही त्या दोघींनाच पाठवलं. काकू अजून रागात आहेत, पण पाणी सुटलं की फोन करते म्हणाल्या.

जॅकार्डवाले दादा, तुमचे मास्तर एखाद्या रविवारी इकडे येतील का? पोरं विचारतायत.