मर्सराइज्ड सुताची चकाकी नेमकी कशामुळे?

मर्सरायझेशनमध्ये, म्हणजे सुतावर तीव्र कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करताना, कापसातील सेल्युलोजचे स्फटिकरूप बदलते (सेल्युलोज-१ चे सेल्युलोज-२ होते) आणि त्यामुळेच सुताला चकाकी येते, असे म्हटले जाते. यातील रूपबदलाचे म्हणणे बरोबर आहे. मात्र सुताची चकाकी त्या स्फटिकबदलामुळेच येते, हा निष्कर्ष पटत नाही. ही प्रक्रिया शोधणारे इंग्रज रसायनज्ञ जॉन मर्सर यांच्या १८५० च्या पेटंटमधील प्रक्रियेत ताण नव्हता; त्यात कापड आटले, रंग अधिक धरू लागले, पण खरी चकाकी आली ती पुढे होरेस लो यांनी ताण देऊन प्रक्रिया केल्यावर. एक्स-किरण विवर्तनात, म्हणजे स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीत, (तांब्याचे किरण वापरल्यास) १२ आणि २० अंशांजवळ दिसणारी सेल्युलोज-२ ची शिखरे प्रक्रियेत सैल ठेवलेल्या सुतातही मिळतात, म्हणजे स्फटिकबदल ताणाशिवायही होतो. फरक तंतूच्या बाह्यरूपात आहे: सूक्ष्मदर्शकाखाली पीळदार, चपटा दिसणारा कच्चा तंतू तीव्र कॉस्टिक सोड्यात फुगून गोलसर होतो, आणि ताणामुळे त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत राहून प्रकाश एकसारखा परावर्तित होतो.