हेडफोनची किंमत वाढली की गाणे खरोखर अधिक चांगले ऐकू येते का?

लष्करवासी (धागाकर्ता):
आपल्या ग्वाल्हेरच्या श्रोत्यांमध्ये सध्या महागडे हेडफोन घेण्याची टूम निघाली आहे, आणि जो तो सांगतो की ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत पूर्वी न जाणवलेल्या जागा आता स्पष्ट ऐकू येतात. अनुभव खोटा नसेल. पण त्याचे श्रेय किमतीला देण्याची घाई होते आहे, असे माझे मत आहे. दोन हेडफोनांपैकी एक जेमतेम एखाद्या डेसिबलने वरचढ वाजत असला, तरी तो मोठा वाजतो आहे हे ध्यानात न येता तो अधिक स्वच्छ आहे असेच वाटते. शिवाय आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्ज तुलनेने कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले आहे. त्यामुळे पातळी थोडी चढवली तरी तानपुरा भरदार वाटू लागतो. २०१७ मध्ये संशोधक ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली, तेव्हा वारंवारता-प्रतिसाद (खर्जापासून वरच्या टोकापर्यंत हेडफोन कोणता स्वर किती मोठा वाजवतो ते) आणि किंमत यांत त्यांना संबंध आढळला नाही. तेव्हा आधी दोन्हींची पातळी मोजून समान करावी, किंमत आणि नाव झाकावे आणि मगच मत द्यावे.

मध्यलय:
मोजमापांबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. ब्रेबार्ट यांनी तपासला तो वारंवारता-प्रतिसाद. हेडफोनचे वजन, गादीचा दाब, तासाभराने कानाला येणारा उबारा हे त्यात येतच नाही, आणि विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला नेमके याच गोष्टींशी जुळवून घ्यावे लागते. वरच्या पट्टीला उठाव दिलेला हेडफोन पहिल्या पाच मिनिटांत तानपुऱ्याच्या जवारीचे (तारांच्या झंकाराचे) सगळे पदर उलगडून दाखवतो आणि द्रुत सुरू होईपर्यंत डोके दुखवतो. अर्ध्या मिनिटाचे तुकडे आलटून-पालटून ऐकवणाऱ्या परीक्षेत असा हेडफोन पहिला येईल, पण माझ्या घरात तो टिकणार नाही.

हजिऱ्याचा श्रोता:
तुम्ही दोघेही ‘मूळ’ आवाज ठरलेला आहे असे धरून चालला आहात. तानसेन समारोहाच्या मंडपात आपल्यापर्यंत पोहोचते तेही ध्वनिवर्धकातूनच. १९२५ च्या आधीच्या तबकड्या तर मायक्रोफोनऐवजी कर्ण्यासमोर गाऊन मुद्रित झालेल्या. त्यांत खोल खर्जही नाही आणि वरचे टोकही नाही. अशा तबकडीतून नवा हेडफोन जो ‘तपशील’ काढतो, तो पुष्कळदा सुईची खरखर असतो. (आमच्याकडे एका ज्येष्ठांना ती खरखरच प्रिय आहे, तो भाग वेगळा.)

लष्करवासी:
दीर्घकाळ ऐकण्याला माझी हरकत नाही; आठवडाभर ऐका, पण किंमत तेव्हाही झाकलेली असू द्या. आणि कानात बसवण्याचे इअरफोन वापरणाऱ्यांनी आधी त्यांची रबरी टोपी बदलून पाहावी. ती सैल बसली की फटीतून खर्ज निघून जातो, आणि लोक नवा इअरफोन शोधायला लागतात.

मध्यलय:
टोपीचे मान्य. पण डोक्यावरचा हेडफोन झाकणार कसा? डोळे बांधले तरी वजनावरून आणि गादीच्या स्पर्शावरून तो ओळखू येतो.

लष्करवासी:
हरमन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय केला होता. एकच हेडफोन घेऊन त्याचा वारंवारता-प्रतिसाद इक्वलायझरने (खर्ज आणि वरचे स्वर कमी-जास्त करण्याच्या सोयीने) बदलायचा आणि त्यातून इतर हेडफोनांचे सूर-वळण, म्हणजे त्यांचा प्रतिसाद, ऐकवायचे, म्हणजे स्पर्शाचा प्रश्नच उरत नाही.

मध्यलय:
बरोबर, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. त्या पद्धतीत कानावर नीट बसणे हा गुणही परीक्षेतून वगळला जातो, आणि मी जादा पैसे मोजले ते त्याच गुणासाठी. सूर-वळण तर मी फोनमधल्या इक्वलायझरनेही बदलू शकतो. तीन तास डोक्यावर न बोचणारी गादी त्यातून मिळत नाही.