मासे गेले, कोरल ठणठणीत. टाकी पुन्हा कशी सुरू करू?

फोंड्याची_नीता

खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी, साधारण 250 लिटर. जूनच्या अखेरीस नवा पावडर ब्ल्यू टँग आणला. दोन-तीन दिवसांतच तो वेव्हमेकरच्या (लाटा करणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड घालून उभा राहायला लागला. कल्ले भराभर हलत होते, लाइट लावला की दगडामागे पळायचा. टॉर्च तिरपा धरला तर अंगावर पिठीसारखी बारीक पिवळट धूळ दिसली. आधी तो गेला, मग डॅमसेल, मग क्लाऊनच्या जोडीतला नर. आठवडाही लागला नाही. मादी तेवढी उरली आहे, पण खाण्याला तोंड लावत नाही. झोआ आणि मश्रूम ही कोरलं, क्लीनर श्रिंप, हर्मिट क्रॅब यांना काहीच झालेलं नाही.

दुकानदार म्हणतो, पाणी फेका, दगड उकळा, वाळू नवी घाला. आमचे हे म्हणतात, मिरामारच्या किनाऱ्यावर जाऊन दोन कॅन ताजं पाणी आणू. टाकीत कॉपर (तांब्याचं औषध) टाकू का? चवथ (गणेश चतुर्थी) सप्टेंबरात आहे. दिरांची मुलं मुंबईहून आली की आधी टाकीपाशी धावतात, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळं-पानं) नंतर बघतात. तोवर मासे सोडता येतील का?

वास्कोचा_म्हातारा

नीता, पहिली गोष्ट, दगड उकळायचे नाहीत. झोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं. असे दगड घरात उकळले आणि वाफेमुळे अख्खं कुटुंब हॉस्पिटलात गेलं, असं परदेशात घडलेलं आहे. दुकानदाराला म्हणावं, तुझ्या स्वयंपाकघरात उकळून दाखव, मी रस्त्यावर उभी राहून बघते.

तू लिहिलंस ते वाचून मला तरी हा मरीन वेल्वेट वाटतो, माशांवर जगणारा सूक्ष्म परजीवी, शास्त्रीय नाव अमायलूडिनियम. पांढरे डाग म्हणजे इच, तो वेगळा परजीवी, त्यात मिठाच्या कणाएवढे सुटे ठिपके दिसतात आणि मासा बऱ्याचदा काही दिवस तग धरतो. वेल्वेट आधी कल्ल्यांत बसतो. पुष्कळदा अंगावर धूळ दिसायच्या आत मासा गुदमरून जातो. कोणाकडे मायक्रोस्कोप असेल तर कल्ल्याचा नमुना बघून खात्री होते.

आता तुझी टाकी. तिला काही झालेलं नाही. या जिवाला जगायला मासा लागतो. कोरल, श्रिंप, खेकडा त्याच्या उपयोगाचे नाहीत. मासाच मिळाला नाही तर तो उपाशी मरतो. म्हणून दगड, वाळू, पाणी सगळं तसंच राहू दे आणि टाकीत एकही मासा ठेवू नकोस. कॉपर त्या टाकीत चुकूनही नको. श्रिंप आणि कोरल मरतील, शिवाय दगड कॉपर शोषून घेतात आणि पुढे कधी सोडतील याचा नेम नाही.

मादीला आजच दुसऱ्या टाकीत हलव. चाळीस-पन्नास लिटर पुरे. वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एक स्पंज फिल्टर. हलवण्याआधी पाच मिनिटं गोड्या पाण्यात बुडव. पाण्याचं तापमान टाकीएवढं हवं, पीएच चिमूटभर खायचा सोडा घालून जुळव, एअर स्टोन चालू ठेव. हा इलाज नव्हे, थोडा श्वास मोकळा होईल इतकंच. मग चिलेटेड कॉपर, दोन दिवसांत चढवत 2 ते 2.5 पीपीएमवर आण आणि तीस दिवस खाली येऊ देऊ नकोस. अंगावर बसलेल्या जिवाला कॉपर मारत नाही, पाण्यात सुटलेल्या पिल्लांना मारतं. मध्ये पातळी पडली तर पुन्हा पहिल्यापासून. टेस्ट किट त्याच प्रकारच्या कॉपरचा घे. डोळ्यांच्या अंदाजाने औषध घालणारे मी बरेच बघितले, त्यांचे मासे बघितले नाहीत. अमोनिया वाढला तर पाणी बदल. अमोनिया मारायचं औषध कॉपरबरोबर घालू नकोस, काही औषधांनी कॉपर जास्त विषारी होतं.

ही टाकी वेगळ्या खोलीत ठेव. वेल्वेट हवेत उडणाऱ्या तुषारांतूनही तीनेक मीटर जाऊ शकतो. जाळी, बादली, टॉवेल वेगळे, आणि हात कोरडे करून मगच दुसऱ्या टाकीत घाल.

मिरामारचं पाणी जुलैत? मांडवीच्या तोंडावरचं. पावसात तिथलं वरचं पाणी गोडसर आणि गढूळ असतं, रानटी माशांचे रोग त्यात वेगळे. आरओचं पाणी आणि सिंथेटिक मीठ वापर, विशिष्ट गुरुत्व 1.025 ठेव.

म्हापसा_रीफ

काकांशी बहुतेक सहमत. पण वेल्वेटला सहा आठवडे रिकामी टाकी पुरते. आज मासा काढला तर ऑगस्टच्या मध्यावर मोकळी. चवथीला आरामात मासे. आणि कोणी वागातोरच्या खडकांतून नवा लाइव्ह रॉक (जिवाणू-जीव असलेला समुद्री दगड) आणायचा सल्ला दिला तर ऐकू नका. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे.

वास्कोचा_म्हातारा

फक्त वेल्वेटच आहे असं कोण सांगणार? एका टँगवर वेल्वेट आणि इच दोन्ही येतात. इचची गाठ दगडावर आठवडेच्या आठवडे पडून राहू शकते, म्हणून 76 दिवस मोजायची पद्धत आहे. मायक्रोस्कोपखाली बघितलेलं नसेल तर मी 76 च धरीन. टाकी थंड करू नका. 27-28 अंशांत यांचं चक्र लवकर फिरतं, ते आपल्या फायद्याचं. तोवर श्रिंपला रोज थोडं खाणं घाला, म्हणजे दगडातले बॅक्टेरिया जगतील. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू. आणि पावसात वीज जाणारच, तेव्हा मादीच्या हॉस्पिटल टाकीला बॅटरीचा एअर पंप.

नीता, रात्री लाइट घालवून दगडांत टॉर्च मार. एखादी गोबी (तळाशी लपणारा मासा) राहिली असेल तर दिवस मोजण्यात अर्थ नाही.

फोंड्याची_नीता

काका, मारला टॉर्च. मोठ्या दगडाखाली वाळूत वॉचमन गोबी सापडली! मला वाटलं होतं ती कधीच गेली. अंगावर काही दिसत नाही, खातेही. तरी काढायची? तिच्यासाठी दगडांचा ढिगारा मोडावा लागेल. आणि 76 दिवस मोजले तर चवथ हुकते.

म्हापसा_रीफ

काढावीच लागेल. दिसत नसलं तरी कल्ल्यांत असू शकतं. सापळा लावून बघा. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवायचं, आत खाणं ठेवायचं, लाइट बंद.

वास्कोचा_म्हातारा

बाटलीने नाही आली तर दगड एकेक करून त्याच टाकीच्या पाण्याच्या टबमध्ये ठेव. झोआंना हात लावताना हातमोजे आणि चष्मा. ती निघाली त्या दिवसापासून मोजायला सुरुवात. तिलाही मादीबरोबर कॉपर.

चवथ हुकू दे. मुलांना श्रिंपला हाताने भरवू दे, कोपरापर्यंत हात धुऊन, साबणाचा अंश न ठेवता. नवे मासे आले की प्रत्येकाला आधी महिनाभर याच हॉस्पिटल टाकीत ठेव, म्हणून ती मोडू नकोस.

टेस्ट किट मिळाला का ते सांग. पणजीत नसेल तर ऑनलाइन मागव, पण तो येईपर्यंत कॉपर घालू नकोस.