शिराझचं पाणी आणि छाटणी: साक्रीकडच्या काळ्या जमिनीसाठी

भाऊ, खाण्याच्या द्राक्षाला देतो तेवढंच पाणी शिराझला, म्हणजे या वाइनच्या काळ्या द्राक्षाला, द्यावं का, असं तुम्ही विचारलंत. मुळीच नको. वाइनचा रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) मुख्यतः सालीत असतं. मणी फुगला की रस वाढतो, सालीचं प्रमाण घटतं.

ताण (म्हणजे पाणी कमी करणं) द्यायचा तो मणी सेट झाल्यापासून रंग फिरेपर्यंत. ठिबक एकदम बंद करू नका, नेहमीच्या निम्म्यावर आणा. शेंड्याकडे बघा: बाळ्या (वेलीचे आधार धरणारे तंतू) शेंड्यापुढे लांब गेल्या असतील तर वेलीला पाणी जास्त आहे, शेंडा थांबला पण पानं ताजी, तर ताण बरोबर. काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून 30 ते 60 सेंटीमीटर खालची माती हातात दाबून बघितल्याशिवाय पुढचं पाणी सोडू नका. रंग फिरल्यावर मात्र कडक ताण नको. खालची पानं पिवळी पडली की साखर भरणं थांबतं. काढणीच्या तोंडावर भरपूर पाणी दिलं तर ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) उतरतो, मणी तडकतात.

गोडी छाटणीआधी (फळासाठीची छाटणी) काडीचे डोळे, म्हणजे कळ्या, तपासून घ्या, घड कितव्या डोळ्यात आहे ते कळल्यावरच कात्री लावा. हायड्रोजन सायनामाइड (डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायचं विषारी रसायन) छाटणीनंतर दोन दिवसांत लावा, हातमोजे घालूनच. एका काडीवर 12 ते 15 पानं ठेवा.

आपल्याकडे मार्चचं ऊन आम्लता खाऊन टाकतं, म्हणून घडाजवळची पानं फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढा. पश्चिमेची राहू द्या. काढणीला 23-24 ब्रिक्स हवा, पण पीएच (तो चढला की आम्लता उतरली समजा) 3.6 च्या वर जायला लागला तर ब्रिक्ससाठी थांबू नका.