अल्युमिनावरील प्लॅटिनमवर बसलेला ऑक्सिजन आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) का दिसत नाही?

रत्नागिरीची विद्यार्थिनी
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी अल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) आधारावरील प्लॅटिनमवर ऑक्सिजनचे अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागावर चिकटून बसणे, अभ्यासत आहे. नमुना हायड्रोजनमध्ये तापवून, त्यावर ऑक्सिजन सोडून, पोटॅशियम ब्रोमाइडची चकती करून एफटीआयआर (अवरक्त वर्णपट) घेतला, तर ३४०० सेमी⁻¹ (तरंगसंख्येचे एकक) च्या आसपास रुंद पट्टा आणि १६४० ला एक शिखर, एवढेच मिळते. पावसाळ्यात तर चकती यंत्रात ठेवेपर्यंत पांढुरकी होते. ऑक्सिजनचा पट्टा नेमका कुठे शोधावा?

लोटे-परशुरामहून
आपल्याला दिसते आहे ते पाणी आहे. ब्रोमाइड हवेतील दमटपणा शोषून घेते आणि किनाऱ्यावरच्या आषाढात त्याला तो मुबलक मिळतो. पण खरी अडचण त्याआधीची आहे: क्षपण केलेले (हायड्रोजनने ऑक्सिजन काढून टाकलेले) प्लॅटिनम खलात घोटताना हवेला सामोरे जाते, त्यामुळे आपण सोडलेला ऑक्सिजन कोणता आणि हवेतला कोणता, हे मग सांगता येत नाही. ब्रोमाइड टाळून नुसत्या उत्प्रेरकाची, म्हणजे आपल्या प्लॅटिनम-अल्युमिनाची, पातळ चकती दाबावी आणि तापवणे, वायू सोडणे व मोजणे हे सारे एकाच बंद कक्षात करावे.

तरीही थेट पट्टा मिळण्याची आशा कमीच. ऑक्सिजनच्या रेणूचे दोन्ही अणू सारखे असल्याने त्याच्या कंपनात द्विध्रुव (धन-ऋण विद्युतभारांची विभागणी) बदलत नाही आणि तो बदलल्याशिवाय आयआरमध्ये पट्टा येत नाही; शिवाय प्लॅटिनम-ऑक्सिजन बंधाची कंपने १००० सेमी⁻¹च्या खाली येतात, जिथे अल्युमिना स्वतःच बहुतेक प्रकाश गिळून टाकते.

एक निवृत्त प्राध्यापक, मालवण
म्हणून कार्बन मोनॉक्साइडला साक्षीला बोलवावे. धातुरूप प्लॅटिनमवर त्याचा पट्टा साधारण २०५० ते २०९० सेमी⁻¹ला येतो आणि पृष्ठभागावर ऑक्सिजन असेल तर २१०० च्या वर सरकतो. मात्र खोलीच्या तापमानालाही कार्बन मोनॉक्साइड त्या ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन डायॉक्साइड होतो, तेव्हा पट्टा वेळेनुसार कसा घसरतो हे नोंदवावे. २३५० जवळचे शिखर मात्र यंत्रातील हवेमुळेही येते. त्यावर निष्कर्ष बांधू नये.

रत्नागिरीची विद्यार्थिनी
सर, रामन (विखुरलेल्या लेझर प्रकाशाचा वर्णपट) वापरले तर?

एक निवृत्त प्राध्यापक, मालवण
रामनमध्ये ऑक्सिजनचा रेणू १५५६ ला दिसतो, पण अल्युमिना पुष्कळदा प्रतिदीप्तीने (लेझर पडताच स्वतः उजळून) सगळा वर्णपट झाकून टाकते. अंशतः क्षपण केलेला सेरिया (सेरियम ऑक्साइड) त्या मानाने सोयीचा: त्यावर सुपरऑक्साइड (O₂⁻) ११३० च्या सुमारास आणि पेरॉक्साइड (O₂²⁻) ८३० ते ८८० च्या पट्ट्यात सापडते. ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड समस्थानिक) सोडल्यावर ११३० चे शिखर १०६५ जवळ उतरले, तरच ते ऑक्सिजनचे मानावे. हा वायू महाग असल्याने बाकीची मांडणी पक्की झाल्यावरच मागवावा.